चार क्लब गिळलेलं शहर

पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉलचा ऑफ-सीझन 2019 च्या उन्हाळ्यात सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. बाकीच्या जगात ऑफ-सीझन दोन-अडीच महिन्यांचा असतो. खेळाडू सुट्टीवर जातात, मॅनेजर बदलतो, नव्या जर्सीचे फोटो येतात आणि कोण येणार, कोण जाणार यावर चाहते टपरीवर हुज्जत घालतात. आमच्याकडे कोण गेलं याची यादी पूर्ण आहे आणि कोण येणार हा रकाना कोरा आहे. खेळाडू गेले, कोच गेले, मालक गेले, लीगमधली जागाही गेली. ती जागा ज्यांनी नेली, त्यांच्या हातूनही ती तिसऱ्याच शहरात गेली. उरला फक्त चाहता, कारण त्याला कुणी विकत घेत नाही.

मी महाळुंग्यात राहतो. पुणे जिल्ह्यात एवढं सांगून भागत नाही, कारण इथे महाळुंगे दोन आहेत. एक आमचं, खेड तालुक्यातलं, चाकण एमआयडीसीच्या पोटातलं. दुसरं बालेवाडीला खेटून असलेलं, जिथे 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी शिवछत्रपती क्रीडासंकुल बांधलं गेलं. आमच्या वाट्याला गाड्यांचे कारखाने आले, त्यांच्या वाट्याला स्टेडियम. पहिली शिफ्ट संपवून, चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत, देहूरोड-वाकड करत आम्ही या महाळुंग्यातून त्या महाळुंग्यात मॅच बघायला जायचो. आता त्या रस्त्याने जायला कारण उरलेलं नाही. कोंडी मात्र आहे तशीच आहे.

जून उजाडला की आमच्या कँटीनमध्ये फुटबॉलची चर्चा रंगते. लातूरच्या पोराला मँचेस्टर युनायटेडने कुठला स्ट्रायकर घ्यावा याची चिंता असते. केरळचा वेल्डर ब्लास्टर्सच्या नव्या परदेशी खेळाडूचे व्हिडिओ दाखवत फिरतो. बंगालचे दोघं मोहन बागान आणि ईस्ट बंगालवरून एकमेकांशी बोलणं बंद करतात. हे त्यांचे सुखाचे दिवस. हरायची भीती नाही आणि स्वप्नं फुकट. मला कुणी विचारलं, 'दादा, तुमची टीम कुठली?', तर मला भूतकाळात उत्तर द्यावं लागतं. चाहत्याचा यापेक्षा मोठा अपमान मला माहीत नाही. म्हणून हा लेख. ज्यांना तो झोंबेल त्यांनी खुशाल झोंबवून घ्यावा.

आधी मयतांची यादी. पहिला पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये काढला. 2009-10 ला आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा. 2012-13 मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली चर्चिल ब्रदर्सच्या मागे थेट दुसरा. 2014 ला एएफसी कप खेळला, त्याच वर्षी ड्युरँड कपच्या फायनलला गेला. त्यांची अकादमी तर वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकायची. एवढं सगळं बरं चाललेलं असताना 2015 मध्ये क्लब बंद झाला. मैदानावर काही चुकलं म्हणून तो बंद पडला नाही. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल आली, कॅमेरे आणि जाहिरातदार तिकडे गेले आणि मालकांचा जीव इकडून उडाला.

दुसरा भारत एफसी, कल्याणी समूहाचा. 2014-15 ला थेट प्रवेश घेऊन आय-लीगमध्ये आला आणि तळाला राहिला. थेट प्रवेशवाल्यांना खाली ढकलायचं नाही असा नियम होता, म्हणून त्याच्या जागी त्याच्या वरचा संघ खाली गेला. तो संघ कुठला? गोव्याचा डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. डेम्पोचा बळी देऊन ज्याला वाचवलं, त्या भारत एफसीने त्याच ऑफ-सीझनला स्वतःच गाशा गुंडाळला. एका हंगामाचं आयुष्य आणि जाताना दुसऱ्याचं घर मोडून गेला. भारतीय फुटबॉलचा कारभार समजून घ्यायला एवढा एक प्रसंग पुरे आहे.

तिसरा डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा पुण्याच्या स्थानिक लीगमध्ये आधीपासून खेळणारा क्लब. त्याच्या नावापुढे बिल्डरची आद्याक्षरं चिकटली, लिव्हरपूलशी करार करून निवासी अकादमी झाली, 2015-16 ला आय-लीगमध्ये थेट प्रवेशही मिळाला. दोन हंगामांनंतर, 2017 मध्ये, सगळं आटोपलं. 2018 च्या फेब्रुवारीत ठेवीदारांच्या फसवणुकीच्या गुन्ह्यात डीएसकेंना अटक झाली. ठेवीदारांचे हाल पेपरात आले, ते यायलाच हवे होते. अकादमीतल्या पोरांचं पुढे काय झालं, याची चौकशी करायला कुणाला वेळ नव्हता.

चौथा एफसी पुणे सिटी, या यादीतला नवरदेव. 2014 ला वाजतगाजत आला. वाधवान समूहाचा पैसा, हृतिक रोशनचा चेहरा, इटलीच्या फिओरेंटिनाची भागीदारी. पुढे अर्जुन कपूरही आला. पहिल्या वर्षी फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे, मग एड्रियन मुटू, मग सिसोको. कोच म्हणून कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, हाबास. वर्षाला एक कोच आणि वर्षाला एक उतारवयातला तारा. 2017-18 मध्ये पोपोविच या कोचने मार्सेलिन्हो आणि अल्फारोला घेऊन संघ पहिल्यांदा सेमीफायनलला नेला. तिथे बंगळुरूच्या छेत्रीने हॅटट्रिक मारून आम्हाला घरी पाठवलं. त्या रात्री वाईट वाटलं, पण ते खेळातलं दुःख होतं. अशा दुःखासाठीच माणूस क्लब धरतो. त्यानंतरच्या हंगामात सातवा नंबर आला आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कळलं की पुण्याच्या जागी आता हैदराबाद एफसी खेळणार. त्याच वर्षी वाधवानांची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

पाच वर्षांत चार क्लब. एवढी फळं कुठल्या शहराला एकाच वेळी लागली नसतील आणि एवढी एकाच वेळी सडलीही नसतील.

आता नीट बघा. चारांपैकी एकही मैदानावर मेला नाही. सगळे ऑफ-सीझनला गेले. चाकण पट्ट्यात कंत्राटी पोराला कसं काढतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 'तुला काढलं' असं त्याला कुणी म्हणत नाही. ठरावीक महिने भरत आले की ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणतो, 'थोडे दिवस ब्रेक घे, मी बोलावतो.' पोरगं गावाकडे जातं, फोन उशाशी घेऊन झोपतं. तो फोन येत नाही आणि ब्रेक संपत नाही. आमच्या क्लबांना असाच ब्रेक दिला गेला. हंगाम चालू असताना संघ बंद केला तर बातमी होते, उरलेल्या मॅचचा हिशेब द्यावा लागतो, स्टँडमधली माणसं बोंब मारतात. ऑफ-सीझनला ना मॅच, ना गर्दी, ना बोंब. खेळाडूंचे बहुतेक करार मे अखेरीला संपतात. जूनमध्ये पाऊस येतो, पालखीची गडबड असते, पोरांच्या ॲडमिशनची धावपळ असते. अशा वेळी एक पत्रक काढलं की काम झालं. क्लब मारायला यापेक्षा सोयीचा मुहूर्त पंचांगात नाही.

'मालकाला तोटा होत होता, तो किती दिवस सोसणार?' असा एक शहाणपणाचा प्रश्न आता येईल. फुटबॉलमध्ये तोटा होतो हे या मालकांना क्लब काढताना कुणी सांगितलं नव्हतं काय? ही सगळी हिशेबाची माणसं. एक रुपयाच्या बोल्टवर वेंडरशी सहा महिने घासाघीस करणारी ही जमात. तोटा त्यांना पहिल्या दिवशी माहीत होता. तो त्यांनी जाहिरातीच्या खात्यात टाकला होता. जाहिरातीची गरज संपली किंवा पैसा आटला, तसं ते खातं बंद झालं. यात त्यांनी बेकायदा काहीच केलं नाही आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. क्लबचं नाव, चिन्ह, रंग, लीगमधली जागा हे सगळं कायद्याने एका खासगी कंपनीचं होतं. आमचं काय होतं? घसा.

ही जागा पुढे कशी फिरली तेही ऐका. हैदराबादने ती घेतली आणि तीन वर्षांत, 2022 च्या मार्चमध्ये, गोव्याच्या फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू. पण दोनच हंगामांत त्यांच्याकडेही पगाराची बोंब झाली आणि खेळाडू पळाले. मालक बदलला आणि 2025 मध्ये संघ उचलून दिल्लीला नेला. नवं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे रोग पुण्याच्या हवेत नव्हता, खुर्चीतच होता. ही खुर्ची ज्या शहरात ठेवाल, तिथल्या लोकांना दोन दिवस बसवते आणि मग त्यांच्या खालून निघून जाते. हैदराबादच्या चाहत्यांबद्दल आता मला राग नाही. ते आमचे गुरुबंधू आहेत.

'पुण्यात फुटबॉलला प्रेक्षकच नाही हो' हे दुसरं ठेवणीतलं उत्तर. क्रिकेटला तर आहे ना? मग आयपीएलमध्ये सहारा समूहाचे पुणे वॉरियर्स 2011 ला येऊन 2013 ला कसे गेले? रायझिंग पुणे 2016 ला आले आणि 2017 ची फायनल एका धावेने हरून कायमचे कसे गेले? गहुंज्याचं स्टेडियम भरत होतं की नव्हतं? गर्दी असली काय, नसली काय, पुण्याची बोळवण ठरलेली. कारण या शहराकडे धंदेवाले गाव म्हणून बघतच नाहीत, बाजार म्हणून बघतात. आणि बाजार उठतोच.

मराठी माणसाला फुटबॉलचं वेड नसतं म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरला जावं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असेल, तर त्या दिवशी पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी. हे क्लब तालमींतून आणि पेठांतून आले आहेत. कुणा उद्योगपतीच्या मनात आलं म्हणून ते उगवले नाहीत. तिथेही सगळं सोवळं नाही. हुल्लडबाजी होते, दगड पडतात, पोलिसांना मध्ये पडावं लागतं, स्पर्धा थांबवण्याची वेळ येते. त्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. पण एक गोष्ट बघा: पावसाळ्यात मैदान बंद होतं तेव्हा कोल्हापूरच्या चाहत्याला नवीन खेळाडू कोण येणार याची चिंता असते. क्लब असेल की नाही, ही चिंता त्याच्या बापालाही कधी पडली नाही. तालीम पेठेची असते. पेठ विकत घेऊन हैदराबादला नेता येत नाही.

आमच्या औद्योगिक पट्ट्याची कथा याहून मजेदार आहे. 31 मार्च 2009 ला चाकणमध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मे 2009 मध्ये, जर्मनीत वुल्फ्सबुर्ग बुंडेसलिगा जिंकला. हा वुल्फ्सबुर्ग कुणाचा? शंभर टक्के फोक्सवॅगनचा. ज्या गावात कारखाना, त्या गावात क्लब. तळेगावात आता ह्युंदाई गाड्या बनवते. तिकडे कोरियात तिचा जिओनबुक ह्युंदाई मोटर्स आहे, 2006 आणि 2016 चा आशियाई विजेता. आपल्याच देशातलं बघायचं तर टाटा स्टीलने जमशेदपूरला 1987 मध्ये फुटबॉल अकादमी काढली आणि आज तिथे जमशेदपूर एफसी आहे, 2021-22 मध्ये लीग शिल्ड जिंकलेला. याच जगड्व्याळ कंपन्या आणि त्यांचे भाऊबंद पिंपरीपासून चाकण-तळेगावापर्यंत पसरले आहेत. जमीन आमची, पाणी इंद्रायणी-भामेचं, घाम बीड-नांदेडपासून बिहार-ओडिशापर्यंतच्या पोरांचा. आणि फुटबॉल? वर्षातून एकदा आंतरविभागीय स्पर्धा, एचआरवाल्यांच्या हस्ते ट्रॉफी आणि प्रत्येकाला एक टोपी.

महिंद्रा युनायटेडचं नाव आजच्या पोरांना माहीतही नसेल. 1962 पासूनचा मुंबईचा क्लब. तीनदा ड्युरँड, दोनदा फेडरेशन कप, 2005-06 ला राष्ट्रीय लीग. मराठी मुलुखातला हा सगळ्यात मोठा कंपनी क्लब 2010 मध्ये बंद केला गेला. त्याच सुमारास चाकणला महिंद्राचा भलामोठा नवा कारखाना सुरू होत होता. यात कार्यकारणभाव शोधू नका, तसा मी लावत नाही. पण एका हाताने इतकं मोठं काहीतरी उभं करणाऱ्याला दुसऱ्या हातात एक फुटबॉल क्लब जड झाला, हे कुणी मला पटवून दाखवावं. नवा क्लब काढणं दूरच. यांनी आहे तोच मोडला.

'कारखान्याने गाड्या बनवाव्यात, फुटबॉल कशाला?' असं म्हणणाऱ्यांचं मला काही अंशी पटतं. मग तसं सांगा ना सरळ. 'पुण्याची शान', 'तुमचा क्लब, तुमचा आवाज' असली होर्डिंगं हायवेला लावू नका. पोरांच्या अंगात जर्सी घालू नका. शाळाशाळांतून पोरं वेचून अकादमीत आणू नका. नोकरी देताना करार एक वर्षाचा करायचा आणि भावना मात्र आयुष्यभराची मागायची, हा व्यवहार चाकणमध्ये आम्ही रोज बघतो. स्टेडियममध्येही तोच बघायला तिकीट का काढायचं?

2025 मध्ये सगळ्या देशाचं पुणं झालं तेव्हा मला क्षणभर हसू आलं. आयएसएलचा हंगाम 12 एप्रिलला मोहन बागानच्या विजयाने संपला. त्या बागानच्या संघात गोलरक्षक विशाल कैथ होता आणि आशिक कुरुनियनही होता. दोघेही एकेकाळी पुण्याचे. आमच्या मोडलेल्या घराचे वासे दुसऱ्याच्या वाड्याला किती छान शोभतात! पण त्या वाड्याचंही पुढे काय झालं? भारतीय फुटबॉल फेडरेशनने 2010 मध्ये केलेला 15 वर्षांचा व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. नव्या कराराचा पत्ता नाही म्हणून 11 जुलैला लीगच लटकवली गेली. ऑगस्टमध्ये बंगळुरूने खेळाडूंचे पगार थांबवले, चेन्नईयिनने कामकाज थांबवलं. हक्कांसाठी निविदा निघाली आणि 7 नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. एकही! एकशे चाळीस कोटींहून जास्त लोकांच्या देशात, देशाची अव्वल लीग चालवायला कुणीही पुढे आलं नाही. 8 डिसेंबरला जुना करार संपला. त्याच महिन्यात मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. पैसेवाले परदेशी आले की भारतीय फुटबॉल सुधारेल, असं म्हणणाऱ्यांनी तेव्हा कुठे तोंड लपवलं, देव जाणे.

आणि त्याच डिसेंबरच्या 14 तारखेला वानखेडेवर काय चाललं होतं? मेस्सीचं स्वागत. आदल्या दिवशी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मेस्सी नीट दिसला नाही म्हणून लोकांनी खुर्च्या तोडल्या होत्या. मुंबईत सगळं शिस्तीत झालं. मुख्यमंत्री, तारे, तारका, सचिन तेंडुलकर, टाळ्या. त्याच समारंभात राज्य सरकारच्या 'महादेवा' योजनेतल्या मुलामुलींचं कौतुक झालं. तेरा वर्षांखालच्या पोरांना निवडून, शिष्यवृत्ती देऊन घडवायचं, अशी ती योजना. पोरं घडावीत, माझी ना नाही. पण एक साधा प्रश्न त्या मांडवात कुणीच का विचारला नाही? हे पोरगं अठरा वर्षांचं झाल्यावर खेळणार कुठे? पुण्याचा एकही संघ देशाच्या वरच्या दोन पायऱ्यांवर नाही. त्या दिवशी देशाच्या पहिल्या पायरीला तारीखच नव्हती. ती तारीख, 14 फेब्रुवारी, क्रीडामंत्री मांडवियांनी पुढच्या जानेवारीत जाहीर केली. एका हंगामाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत दहा महिने. सराव करून करून पोरांचे बूट झिजतील, पण मॅच मिळणार नाही. फुटबॉलमध्ये आपल्याला सोहळा हवा असतो, वेळापत्रक नको असतं.

बालेवाडीचंच घ्या. 2022 मध्ये महिलांच्या आशिया कपचे सामने तिथे झाले, चीन-जपान सेमीफायनलसुद्धा. म्हणजे आशियाच्या दर्जाचं मैदान आपल्याकडे आहे. त्या मैदानाला घरचा संघ नाही. महाराष्ट्र सोडून अशी चैन दुसऱ्या कुणाला परवडेल?

आता सगळी बोटं मालक, फेडरेशन आणि सरकारकडे दाखवून झाली. राहिलो आपण. फिओरेंटिना, जी आमच्या पुणे सिटीची भागीदार होती, ती स्वतः 2002 मध्ये दिवाळखोर झाली होती. फ्लोरेन्स शहराने काय केलं? नव्या नावाने, चौथ्या पायरीपासून संघ उभा केला आणि 2004 मध्ये पुन्हा पहिल्या पायरीवर आणला. लंडनच्या विम्बल्डनचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला पळवला तेव्हा चाहत्यांनी 2002 मध्येच नवा क्लब काढला. उद्यानात खेळाडूंची चाचणी घेतली, नवव्या पायरीपासून सुरुवात केली आणि 2011 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोचले. आजही तो क्लब चाहत्यांच्या मालकीचा आहे. 2019 मध्ये पुण्यात काय झालं? चार दिवस हळहळ, एक हॅशटॅग आणि पाचव्या दिवशी सगळे आर्सेनलच्या ट्रान्सफर बातम्यांकडे वळले. आपल्या क्लबचं मढं घरात असताना शेजारच्या बारशाला गेलेली माणसं आपण. इटली-इंग्लंडच्या चाहत्यांना आपल्यासारखी नोकरी, शिफ्ट, कर्ज नव्हतं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आपली समजूत बदलावी.

म्हणून पुढच्या वेळेसाठी काही अटी आत्ताच सांगून ठेवतो. पुढची वेळ येईल. आयएसएल सावरली की कुणीतरी बिल्डर, कुणीतरी ॲपवाला, कुणीतरी नट घेऊन पुण्यात येणारच. पहिली अट: मैदानात उतरण्याआधी तीन वर्षांच्या पगाराएवढी बँक हमी फेडरेशनकडे जमा करा. कारखान्याला वीजजोडणी घेताना अनामत भरावी लागते, क्लबला का नको? दुसरी: नाव, चिन्ह आणि रंग यांची मालकी चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेकडे राहील. मालक गेला तर जाताना त्याने खुर्ची न्यावी, नाव इथेच ठेवावं. तिसरी: बालेवाडी सवलतीत वापरायची असेल, तर जिल्ह्यातल्या पोरांची अकादमी चालवायची आणि क्लब बंद झाला तरी अकादमीतल्या पोरांचं वर्ष पूर्ण करायचं. चौथी: लीगमधली जागा दुसऱ्या शहरात विकायची नाही. नको असेल तर ती फेडरेशनला परत करा आणि तिथे खालून वर येणाऱ्या संघाला येऊ द्या.

आणि पाचवी गोष्ट अट नाही, सूचना आहे. ज्या महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून शेअर गोळा करून प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या महाराष्ट्रात सहकारी फुटबॉल क्लब का होऊ नये? पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात लाखो कामगार आहेत. त्यातल्या थोड्यांनी हजार-हजार रुपयांचा शेअर घेतला तरी जिल्हा लीगमधून वर येऊ बघणारा एक संघ उभा राहतो. आयएसएलचा नाही, त्रेझेगेचा नाही, पण आपला. सहकारात खाबूगिरी होते म्हणाल, तर होतेच. संचालक मंडळं लुटतात, निवडणुका रंगतात, कारखाने बुडतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पण सहकारात वार्षिक सभा असते आणि तिथे चेअरमनला उभं करून जाब तरी विचारता येतो. पुणे सिटीच्या चाहत्याला 2019 मध्ये जाब विचारायला कुठलं दार होतं?

तोवर एवढं करा. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग दरवर्षी खेळली जाते. डेक्कन इलेव्हन, परशुरामियन्स, खडकी ब्लूज असे क्लब तिथे खेळतात. नट नाही, कॅमेरा नाही, मैदानाला कधीकधी गवतही नाही. पण मालक सोडून गेला म्हणून यातला क्लब एका पत्रकावर बंद होत नाही. रविवारी घरातल्या पोराला घेऊन एखादी मॅच बघायला जा.

आणि नवा क्लब आला, स्टेजवर चढून कुणी सुंदर माणूस 'पुणेकर, हा तुमचा क्लब आहे' म्हणाला, तर टाळी वाजवण्याआधी त्याला एकच विचारा: आमच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे? ते नसेल तर क्लब त्याचा आहे. तिकीट काढा, मॅच बघा, टाळ्याही वाजवा. पण जीव लावू नका.